दोन पफ आणि एक चूळ

छातीच्या डॉक्टरकडे किस्से कसे साठतात, सांगू? माणूस धापा टाकत येतो तेव्हा त्याला बोलताच येत नाही. औषध दिलं, श्वास मोकळा झाला, की आतलं सगळं तुंबलेलं बोलणं एकदम बाहेर पडतं! बाहेर पेशंटची ही रांग, आणि आतला गडी मेव्हणीच्या लग्नापासून सुरू. मी चिडते, घड्याळ बघते, टेबलावर पेन आपटते. पण ऐकते. न ऐकून सांगते कुणाला?

माझा दवाखाना तासगावात. दर गुरुवारी मी जतला जाते. मूळची मात्र मेढ्याची, म्हणजे जिथं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते तिथली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

दवाखाना चालवते मी, पण दवाखान्यात चालतं फौजींचं. फौजी सैन्यात मेडिकलला हवालदार होते. रिटायर होऊन गावी आले, चार दिवस घरी बसले, घरच्यांनी हात जोडले आणि ते माझ्याकडे कामाला लागले; गुरुवारी जतलाही बरोबर येतात. पेशंटला इन्हेलर, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत पंप, ओढायला शिकवणं हे त्यांचं खातं. ते शिकवत नाहीत, परेड घेतात.

"सीना सीधा! श्वास पूर्ण बाहेर सोड! पंप तोंडात! दाब आणि ओढ... हळू, हळू! थम!"

थम म्हटलं की श्वास रोखायचा आणि मनात दहा म्हणायचे, म्हणजे औषध नळ्यांत खोलवर बसतं. एकदा एका आजीबाईंना "थम!" म्हणाले आणि नेमका फौजींचा फोन वाजला. फौजी रेजिमेंटच्या दोस्ताशी गप्पा मारत सुटले. आजीबाई लाल झाल्या, मग जांभळ्या झाल्या. शेवटी त्यांनी काठी फौजींच्या पोटात खुपसली आणि श्वास सोडला.

"मारतूस व्हय रं मला, मुडद्या!"

फौजी फोनवर हात ठेवून म्हणाले, "मावशी, श्वास सोडायची ऑर्डर कुणी दिली?"

* * *

आमच्या समोर बाळूचं सलून आहे. बारीक केस, पावडर, फसाफसा मारायचे स्प्रे. दम्याला जे जे आवडतं ते सगळं त्या एका खोलीत. आणि बाळूला दमा! त्याला मी दोन पंप लिहून दिले होते. एक रोजचा, एक दम लागल्यावर घ्यायचा निळा. पठ्ठ्यानं निळा तेवढा विकत घेतला.

निळ्याचं फौजींनी त्याला मराठी-हिंदीत समजावलं. दम लागतो तेव्हा श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळून बसलेले असतात. हा पंप त्यांना 'आराम से' म्हणतो. ते सैल पडतात आणि काही मिनिटांत वाट मोकळी होते. पण तोच निरोप थोडाफार हातापायांना आणि काळजालाही पोचतो.

"म्हणून कधीकधी हात थरथरतो, छातीत धडधडतं," फौजी म्हणाले. "घाबरायचं नाही. नॉर्मल है!"

आता फौजींच्या मिशीबद्दल सांगायला हवं. ती मिशी नाही, पेन्शनीइतकीच जपलेली चीज आहे. दर शनिवारी बाळूच तिला वळण देतो. त्या शनिवारी बाळूनं सकाळी सलूनचा माळा झाडला होता. धुळीनं छाती भरली, तशी त्यानं मनाला येईल तितक्या वेळा निळा पंप ओढला. मग फौजी खुर्चीत बसले. गळ्याशी टॉवेल, गालाला फेस, डोळे मिटलेले. वस्तरा मिशीच्या कडेला टेकला आणि फौजींना काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. डोळे उघडून आरशात बघतात तर वस्तरा लटलट हलतोय!

"बाळू, हात का हलतोय रं तुझा?"

"पंप घेतलाय न्हवं, फौजी."

"किती घेतलास?"

"कोण मोजतंय!"

फौजी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. उठावं तर वस्तरा, बसावं तर वस्तरा. बाळूनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "घाबरायचं न्हाई. नॉर्मल है!"

तोंडाला तसाच फेस घेऊन फौजी रस्ता ओलांडून माझ्या केबिनमध्ये आले. आत पेशंट होता, त्याचीही त्यांनी पर्वा केली नाही.

"मॅडम, बाळूला रोजचा पंप आजच्या आज चालू झाला पाहिजे. पैसे मी देतो!"

उजवी मिशी डावीच्या बरोबरीला यायला दिवाळी उजाडली.

* * *

हा रोजचा पंप म्हणजे खरा कामाचा. नळ्यांच्या आतली सूज तो हळूहळू उतरवतो. पण घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, त्यामुळे लोकांचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. शिवाय त्यात स्टिरॉइड असतं. तो शब्द ऐकला की बरी माणसं उठून जातात! मी घसा फोडून सांगते, अहो, मात्रा बारीक आहे, नळीपुरतं काम करतं. त्रास झालाच तर तोंडात पांढरे चट्टे येतात, नाहीतर आवाज बसतो.

आवाज बसतो. एवढंच ना, म्हणून मी पुढं जायची. मायाप्पा मामा भेटेपर्यंत.

मायाप्पा मामा जतकडच्या माळावरचे धनगर. सत्तरीला टेकलेले, डोक्याला लाल पटका, मागं मेंढरं. पण त्यांची ओळख मेंढरांवरून नाही. गावच्या बिरोबापुढं ढोल वाजतात आणि ओव्यांचा मेळा उभा राहतो, त्यात पहिली ओळ मायाप्पा मामांची. ती ओळ लांबच लांब, एका दमात म्हणायची. मामांनी सूर लावला की पलीकडच्या वस्तीवरची माणसं हातातलं काम ठेवतात, असं त्यांची बायको गंगव्वा सांगते. ती निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलते आणि नवऱ्याचं कौतुक दोन्हींत करते.

पहिल्यांदा आले तेव्हा मामांना अर्धी ओळसुद्धा म्हणता येत नव्हती. लोकर कातरताना छाती भरायची, रात्रभर बसून काढायचे.

"बाई, ग्येल्या जत्रेत ओवी मदीच तुटली," म्हणाले. "पोरं पुडं गेली आन् मी खाली बसलो. आसं कवा झालं न्हवतं."

मी रोजचा पंप चालू केला. महिन्यानं मामा आले ते ताठ चालत. छाती ऐकली, स्वच्छ! मी खुशीत विचारलं, "काय मामा, कसं काय?"

मामांनी तोंड उघडलं. आतून आवाज आला तो गंजलेल्या बिजागरीसारखा.

"दम आला, बाई. गळा ग्येला!"

तोंडात बघितलं तर जिभेवर दुधाच्या सायीसारखे चट्टे. मी सांगितलं, औषध घशात थोडं चिकटून राहतं, त्यानं बुरशी धरते, आवाज बसतो. पंप घेतला की चूळ भरायची, घशापर्यंत गुळणी करायची. विसरायचं नाही. मामांनी मान डोलावली. चट्ट्यांना औषध दिलं आणि ते गेले.

मामांचं पुढचं सांगतेच, पण मध्ये विलासतात्यांनी जो घोळ घातला तो आधी ऐका, नाहीतर राहून जाईल.

* * *

विलासतात्यांची द्राक्षबाग. माणूस हुशार, माल परदेशी जातो. पण रोजचा पंप घ्यायला तयार नाहीत. "दम लागंल तवा बघू," हे पालुपद. एक दिवस माझा पारा चढला.

"तात्या, बागेत डाऊनी रोग पडल्यावर फवारता की आधी?"

"आवं, आधी! पडल्यावर मारून काय उपेग? बाग जाती!"

"मग तुमची छाती ही बाग समजा. आणि हा पंप म्हणजे आधीची फवारणी."

तात्यांच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून त्यांचा पंप चुकला नाही. मी ही उपमा सगळ्या तालुक्याला ऐकवायला लागले. स्वतःवर लई खूश होते मी!

आणि एक दिवस तात्या धापा टाकत दारात. छातीत नुसत्या शिट्ट्या. नेब्युलायझर लावला, जरा हुशारी आली, तेव्हा विचारलं, "पंप चालू आहे ना?"

"बंद केलाय."

"का?"

"पोरानं जर्मनीला बोलावलंय की. पुढच्या महिन्यात जायाचं हाय."

"मग?"

तात्या माझ्याकडं कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "मॅडम, माल बाहेर पाठवायचा तर महिनाभर आधी फवारणी बंद करावी लागती. फळात औषधाचा रेसिड्यू घावला तर आख्खा कंटेनर माघारी येतो!"

मी कपाळाला हात लावला. "अहो तात्या, तुम्ही द्राक्ष आहात का?"

"तुमीच म्हणला न्हवं, छाती म्हंजे बाग समजा?"

पंप परत चालू केला, चिठ्ठी लिहून दिली, पंप हातातल्या पिशवीत ठेवा म्हणून दहादा बजावलं. तात्या गेले. तिकडं विमानतळावरनं त्यांचा पहिला फोन घरी नाही, मला आला.

"मॅडम, तपासणी झाली. पंप बघितला, पिशवी बघितली, मला बी वरनं खाली बघितलं. काय बोलले न्हाईत. माल पास!"

* * *

पंपातलं स्टिरॉइड नळीपुरतं. पण दमा फारच उसळला तर पोटात घ्यायच्या बारीक गोळ्या द्याव्या लागतात, त्या रक्तातून सगळ्या अंगभर फिरतात. सूज झपाट्यानं उतरते, पण भूक लागते ती अशी की विचारू नका. झोप उडते, साखर वाढते. म्हणून मी थोडेच दिवस देते आणि सांगून ठेवते, मनानं वाढवायच्या नाहीत. महिनोन् महिने घेतल्या तर चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात.

संपत नावाचा एक नवा नवरदेव होता. अंगानं काडी. त्याला गोळ्या चालू केल्या आणि तो नेमका अधिक महिना! अधिक महिन्यात जावयाला सासरी बोलावून धोंड्याचं जेवण घालतात, पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार. जावयांनी लाजत दोन खायचे, सासूनं "घ्या की" म्हणायचं, जावयांनी "बास बास" म्हणायचं, अशी रीत.

संपत "बास" म्हणालाच नाही!

ताटातले संपले, परातीतले संपले. मेव्हण्यासाठी झाकून ठेवलेले संपले. सासूबाईंनी घाईघाईनं परत डाळ शिजत घातली, तर हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारतो, "तवर भाकरी हाय का एकादी?" आणि झोप उडालेली, म्हणून पहाटे उठून पठ्ठ्यानं सासऱ्याचा गोठा झाडला, शेण काढलं, म्हशी धुतल्या, वैरण कापून ठेवली. घर उठेपर्यंत हा पुन्हा भुकेला!

पुढच्याच आठवड्यात सासूबाई जावयाला धरून माझ्याकडे आल्या. मी मनात म्हटलं, आता बाई भांडणार. मी आधीच सुरुवात केली, "मावशी, ती भूक गोळीची होती. गोळ्या संपल्या, आता कमी होईल."

"तेच तर!" मावशी म्हणाल्या. "कालपास्नं परत गप पडून ऱ्हातंय. खाऊ द्या वो बाई कितीबी. तेवढा आमचा ऊस कारखान्याला जाऊस्तवर गोळी चालू ठिवा!"

* * *

शालनताई बेदाण्याच्या शेडवर कामाला. बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. ती धुरी तिच्या छातीला बाधायची. धुरीच्या वेळी लांब थांब म्हटलं, रोजचा पंप दिला आणि जोडीला झोपताना घ्यायची एक गोळी. त्या गोळीचं मी नेहमी आधीच सांगते. काहींना त्यानं विचित्र स्वप्नं पडतात, चिडचिड होते, कुणाचं मन उदास होतं. असं काही वाटलं तर लाजायचं नाही, लगेच यायचं.

शालनताई लगेच आली. डोळे खोल गेलेले.

"बाई, रोज सपनात जावंसंगं भांडाण. रोजच्या रोज! सकाळी उठलं की अंग दुखतंय."

मी गोळी बंद केली, पंप तेवढा चालू ठेवला. महिन्यानं परत आली ती पडेल चेहऱ्यानं.

"स्वप्नं थांबली ना?"

"थांबली की. पन बाई, सपनात मी जिंकत हुते!"

बिचारीचं खरं होतं. जागेपणी भांडताना तिला निम्म्यावरच दम लागायचा आणि जाऊ पुढं निघून जायची. इतकी वर्षं ती हरत होती ती मुद्द्यावर नाही, श्वासावर! मी म्हटलं, आता पंप चालू आहे, छाती मोकळी आहे, काळजी करू नकोस.

पुढच्या आठवड्यात कोण आलं असेल? जाऊ! दारातूनच ओरडली, "आमच्या शालनीला काय दिलंयसा वो बाई? घरात कुणाला बोलूच दिना झालीया! मला बी तसलाच पंप द्या!"

* * *

तर मायाप्पा मामा.

पुढच्या गुरुवारी आले. छाती चांगली, आवाज तसाच गंजका. चट्टे तसेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

"गुळणी करता ना, मामा?"

"करतो की."

"दोन्ही वेळा?"

"दोनी येळा."

जत्रा तोंडावर आलेली. मेळ्यातली पोरं आता दबक्या आवाजात बोलायला लागली होती की यंदा पहिली ओळ दुसऱ्या कुणाला द्यावी. मामांनी ते ऐकलं होतं. आणि मग एका गुरुवारी मामा आले ते पुन्हा धापा टाकतच. गंगव्वा त्यांना धरून आणत होती.

"पंप सोडला," गंगव्वा रडकुंडीला येऊन म्हणाली. "आयकत न्हाईत वो बाई माजं!"

मामा बाकावर टेकले. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "दम लागला तर लागू द्या. आवाज तर हुईल. बिरोबापुडं तोंड उघडलं आन् आवाजच न्हाई निघाला, तर जगून काय करू?"

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? असाच पंप सोडून ते भंडाऱ्याच्या धुरळ्यात उभे राहिले असते तर ओवी राहिली बाजूला, दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नसता. आणि भीती वाटली की मी चिडते.

"मामा, गुळणी केली असती तर आवाज एव्हाना सुटायला पाहिजे होता. तुम्ही मला खोटं सांगताय!"

मामांचा चेहरा उतरला. "बिरोबाची आण, बाई. एकदा बी चुकवली न्हाई."

तेवढ्यात फौजी पुढं झाले. "डेमो!" म्हणाले. "करून दाखवा. सीना सीधा!"

नेब्युलायझर देऊन मामांना जरा शांत केलं आणि मग परेड सुरू झाली. श्वास बाहेर, पंप तोंडात, दाब आणि ओढ, थम! सगळं अगदी नमुनेदार. मग गंगव्वानं पिशवीतनं तांब्या काढला. मामांनी घोट घेतला, मान वर करून छान खळखळवला, डोळे मिटले...

आणि गटकन गिळला!

"अहो मामा, थुंका! थुंकायचं ते!"

जतच्या त्या दवाखान्यात बाकावर बसलेली सगळी माणसं एकदम दचकली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं सगळे माझ्याकडे बघत होते.

मामा हळूच म्हणाले, "पानी? थुकू?"

"मग काय करणार?"

"बाई," गंगव्वा समजुतीच्या सुरात म्हणाली, "टँकर आला तर पानी. अंगूळीचं पानी कातरायच्या आदी मेंढरं धुवायला, भांड्याचं पानी कोंबड्यास्नी. तोंडात घ्येतलेलं चांगलं पानी थुकायचं कसं? आमच्यात पाप लागतंय!"

म्हणजे मामा महिनाभर इमानेइतबारे गुळणी करत होते आणि इमानेइतबारे गिळत होते. घोट पोटात जायचा, पण घसा काही धुतला जायचा नाही. आणि मी मेढ्याची! आमच्याकडं पाणी छपरातून येतं, भिंतीतून येतं, जोत्याखालून येतं. 'चूळ भरून थुंका' असं पुरतं सांगायला लागतं, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवणार?

मी म्हटलं, "मामा, वाया घालवू नका. एखाद्या झाडाच्या बुडात थुंका. पाणी झाडाला लागेल."

मामांनी तांब्यात वाकून उरलेलं पाणी बघितलं. मग म्हणाले, "ह्ये चालंल."

"पन झाड कुटं हाय दारात?" गंगव्वा म्हणाली.

"मग लाव की येक!" मामा तिला म्हणाले.

मी पंपाला लावायची नळकांडी पण दिली. त्यातून ओढलं की औषध घशाला कमी चिकटतं आणि छातीत जास्त जातं. चट्ट्यांचं औषध पुन्हा दिलं. पंप सोडणार नाही, असं मामांनी बिरोबाच्या नावानं मला वचन दिलं. गेल्या गेल्या गंगव्वानं दारात शेवग्याची फांदी रोवली.

* * *

जत्रेला मी आणि फौजी दोघं गेलो. मामांनी बोलावलं होतं म्हणून गेलो असं मी सगळ्यांना सांगितलं, पण खरं म्हणजे मला घरी बसवेना.

देवळापुढं ही गर्दी! ढोल घुमत होते, झांजेसारखी कैताळं वाजत होती, भंडारा उधळून हवा पिवळी झालेली. मेळा गोल उभा राहिला. मामा मध्ये. लाल पटका, खांद्यावर घोंगडं. त्यांनी चार माणसांत लपवाछपवी न करता कनवटीचा पंप काढला, नळकांडीला लावला, श्वास सोडला, दाबला, ओढला.

आणि गर्दीतून फौजी सवयीनं गरजले, "थम!"

सगळे ढोल थांबले!

कैताळं थांबली, नाचणारे पाय थांबले, भंडारा उधळणारे हात वरच्या वर थांबले. सबंध जत्रा श्वास धरून उभी. फौजींना घाम फुटला. मामा मात्र डोळे मिटून शांतपणे मनात दहा म्हणत होते. मग त्यांनी श्वास सोडला, तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली, गर्दीतून वाट काढत देवळामागच्या लिंबापर्यंत गेले, त्याच्या बुडात थुंकले, परत येऊन जागेवर उभे राहिले आणि त्यांनी सूर लावला.

काय सांगू! आवाज पहिल्यांदा जरा खरखरला, मग असा सुटला की मागच्या टेकडीवरची माणसं उठून उभी राहिली. ओळ संपेचना. लांब, लांब, आणखी लांब, आणि सगळी एका दमात! शेवटी ढोलावर काठी पडली तेव्हा गंगव्वानं माझ्या कपाळाला मूठभर भंडारा फासला. मी सरळ रडले. फौजी म्हणाले, "मॅडम, डोळ्यात धूळ गेली," पण ते स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलत होते.

* * *

पुढच्या वर्षी मामा गुरुवारी येताना शेवग्याच्या शेंगा आणायला लागले. लांबसडक, कोवळ्या, गच्च गराच्या. जुडी माझ्या टेबलावर ठेवून जायचे. मी तासगावला आणायची आणि वाटायची. बाळूला दिल्या, शालनताईला दिल्या. विलासतात्यांनी शेंग मोडून बघितली आणि म्हणाले, "एक्स्पोर्ट क्वालिटी!" आमच्या सासूबाई जन्मात कुणाला चांगलं म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या, अशी गोडी बाजारच्या शेंगांना नाही. फौजींच्या घरी तर आठवड्यातून दोनदा शेंगांची आमटी व्हायला लागली.

एका गुरुवारी जतला दुपारची जेवायची वेळ झालेली. पेशंट कमी होते. फौजी कोपऱ्यात डबा उघडून शेंगांच्या आमटीत भाकरी कुस्करून जेवत होते. मामा तपासणीला आले. छाती स्वच्छ, आवाज खणखणीत. मी सहज विचारलं, "मामा, तुमच्या माळावर माणसांना पाणी नाही. मग शेवगा एवढा कसा फोफावला हो? पाणी कुठलं घालता त्याला?"

मामांना माझं नवल वाटलं.

"आवं, तुमीच सांगितलंसा न्हवं! सकाळ-सांज माजी चूळ. मग गंगव्वाबी तितंच भराय लागली. आता मेळ्यातली समदी पोरं जेवली की हात-तोंड धुवाय तितंच येत्यात. टँकरच्या पान्याचा येक थेंब घाटला न्हाई!"

मी हळूच कोपऱ्याकडं बघितलं. फौजींच्या तोंडात घास होता. गाल फुगलेले, डोळे मोठे, नजर दाराकडं. ते अर्धवट उठले.

मामांनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"थुकू नगा, फौजी. वाया जातंय!"